चौकटीबाहेरचं गाणं : फिलिपीन्सचं संगीत नाटक, सिनेमा आणि एक कॉमिक



मी कॉमिक काढतो. म्हणजे चौकटी आखायच्या, त्यात माणसं काढायची, त्यांच्या तोंडापाशी फुगे काढून संवाद भरायचे. नाटक-सिनेमा हे काही माझं क्षेत्र नव्हे. तरी आज मी फिलिपीन्समधल्या संगीत नाटकाबद्दल आणि सिनेमाबद्दल बोलणार आहे, कारण माझ्या कामातला एक रोजचा प्रश्न मला तिकडच्या मंडळींनी नीट उलगडून दाखवला. पात्राच्या मनात असतं, पण ते बोलू शकत नाही, असं जे काही असतं ते वाचकापर्यंत पोचवायचं कसं?

थोडं मागे जाऊ. फिलिपीन्सवर तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं. १८७०च्या दशकाच्या अखेरीस स्पेनमधला 'सार्सुएला' हा नाट्यप्रकार मनिलात आला. थोडे संवाद, थोडी पदं, प्रेमाची भानगड आणि विनोद. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, म्हणजे काळही जवळपास तोच. तिकडच्या लोकांनी हा प्रकार तागालोग आणि इतर भाषांत उचलला आणि त्याला 'सार्सुवेला' म्हणू लागले.

१९०२ साली सेवेरिनो रेयेस यांचं 'वालांग सुगात' रंगमंचावर आलं. नावाचा अर्थ 'जखम नाही'. तेन्योंग आणि हुलिया यांचं प्रेम आहे. स्पॅनिश पाद्र्यांच्या छळात तेन्योंगचे वडील मरतात आणि तो क्रांतिकारकांना जाऊन मिळतो. इकडे हुलियाचं लग्न दुसऱ्याशी ठरतं. ऐन लग्नाच्या वेळी तेन्योंगला मरणासन्न अवस्थेत आणलं जातं. त्याची शेवटची इच्छा एकच, की हुलियाशी आपलं लग्न लावावं. मरणाऱ्याला नाही कोण म्हणणार? लग्न लागतं आणि पठ्ठ्या उठून उभा राहतो. अंगावर जखमच नाही!

प्रेक्षकांनी हे नाटक डोक्यावर घेतलं. पण काळ बघा. स्पॅनिश गेले होते, अमेरिकन आले होते. १९०१ च्या राजद्रोहाच्या कायद्याने स्वातंत्र्याचा उघड पुरस्कार हाच गुन्हा ठरवला होता. १९०३ च्या एका नाटकासाठी आउरेलियो तोलेंतिनो यांना तुरुंगात जावं लागलं. आपल्याकडे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारने बंदी घातली ती १९१० मध्ये. जे सभेत बोलता येत नव्हतं ते रंगमंचावर पोशाख चढवून यायचं. दोन्हीकडच्या प्रेक्षकांना ते कळायचं, आणि सरकारलाही कळायचं.

आता सिनेमा. १९१९ मध्ये होसे नेपोमुसेनो यांनी 'दालागांग बुकिद' काढला. फिलिपिनो माणसाने बनवलेला पहिला कथापट म्हणून तो ओळखला जातो, आणि तो एका सार्सुवेलावरूनच केला होता. सिनेमा अर्थातच मूक. मग गाण्यांचं काय करायचं? तर नायिका आतांग दे ला रामा चित्रपटगृहात हजर राहून पडद्यापाशी स्वतः गायची! पडद्यावर तिचं चित्र, बाजूला तिचा आवाज, आणि दोन्ही जोडायचं काम प्रेक्षकाच्या डोक्यात. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण कॉमिकही असंच चालतं. चित्र एकीकडे, शब्द फुग्यात, दोन चौकटींमध्ये कोरी पट्टी. हात उचललेला एका चौकटीत, गालावर वळ पुढच्या चौकटीत. थप्पड मी काढलेलीच नसते, ती वाचक मारतो.

तिकडे कॉमिकला 'कोमिक्स' म्हणतात आणि ते नाटकाच्या घरातच वाढलं. 'वालांग सुगात'वाले रेयेस पुढे 'लिवायवाय' या साप्ताहिकाचे संपादक झाले. त्याच साप्ताहिकात १९२९ मध्ये 'केन्कोय' ही गाजलेली चित्रमालिका सुरू झाली. १९५० मध्ये मार्स राव्हेलो यांची 'दार्ना' आली. नार्दा नावाची मुलगी एक खडा गिळते, 'दार्ना' असं ओरडते आणि महाशक्तिशाली स्त्री होते. पुढच्याच वर्षी तिच्यावर सिनेमा आला.

हे सगळं पोटात घेऊन २००२ मध्ये कार्लो व्हेर्गारा यांचं 'झाझा झातुर्ना' हे कृष्णधवल कॉमिक आलं. नायक आदा. छोट्या गावात ब्यूटी पार्लर चालवणारा समलिंगी पुरुष, तिकडच्या भाषेत 'बाक्ला'. आकाशातून एक दगड पडतो. दार्नाचा खडा छोटा होता, हा चांगला मोठा. आदा तो गिळतो, 'झातुर्ना' असं ओरडतो आणि धिप्पाड, देखणी, महाबलवान स्त्री होतो. मग अजस्र बेडूक, उठलेली प्रेतं, परग्रहावरच्या बायका, सगळी धमाल. पण दुखणं वेगळंच आहे. शेजारचा दोदोंग आदावर प्रेम करतो आणि आदाला ते खरंच वाटत नाही. बेडकाशी लढेल, पण 'माझ्यावरही कुणी प्रेम करू शकतं' हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. फिलिपिनो सिनेमात बाक्ला म्हटलं की बहुतेक वेळा नायिकेची विनोदी मैत्रीण. इथे कथाच त्याची आहे.

२००६ मध्ये 'तांघालांग पिलिपिनो' या संस्थेने यावर संगीत नाटक केलं. गाणी व्हिन्सेंट दे हेसुस यांची. आदा आणि झातुर्ना या भूमिका दोन वेगळ्या नटांनी केल्या. कॉमिकमध्ये हे सोपं असतं हो, दोघांनाही एकच हात काढतो. रंगमंचावर पुरुष जातो, स्त्री येते, आणि आत माणूस तोच आहे हे पटवायचं. इथे गाणं कामाला येतं. बोलताना जो माणूस विनोद करून विषय टाळतो, तोच गाताना टाळू शकत नाही. आणि बेडूक? रंगमंचावरचा बेडूक खोटा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तो मानून घेतो.

त्याच वर्षी सिनेमाही आला. कॅमेऱ्याची अडचण अशी की तो मानून घेऊ देत नाही, बेडूक दाखवावाच लागतो. म्हणून माझ्या मते हे कॉमिक पडद्यापेक्षा रंगमंचाला जवळचं. दिसायला कॉमिक सिनेमासारखं, तुकड्यातुकड्यांचं. पण वाचकावर विश्वास टाकायची त्याची सवय नाटकाची आहे.

शेवटचं उदाहरण. निक होआकिन यांच्या एका नाटकात दोन बहिणी आहेत आणि त्यांच्या चित्रकार वडिलांचं एक महान चित्र आहे. सगळं नाटक त्या चित्राभोवती फिरतं, पण चित्र टांगलंय कुठे, तर प्रेक्षक बसतात त्या बाजूच्या काल्पनिक भिंतीवर! म्हणजे पात्रं चित्र बघतात आणि आपण त्यांचे चेहरे. या नाटकाचं पुढे संगीत नाटक झालं आणि २०१७ मध्ये त्यावरून 'आंग लारावान' हा सिनेमाही निघाला. त्यात संवादही गायलेच जातात.

इथे कॉमिक काढणारी तरुण मंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पात्राच्या मनातलं दाखवायचं म्हणून आपण फुगे मोठे करत जातो. त्याऐवजी एकदा विचारून बघा, की हे पात्र गायला लागलं तर कुठल्या क्षणी लागेल? तो क्षण सापडला की तिथला फुगा रिकामा करा आणि चौकट मोठी करा. पुढचं वाचक गाईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.