तरुणांसाठी राखलेला वाफा



घरात टीव्ही एक आणि बघणारे तीन पिढ्यांचे असले की संध्याकाळी काय होते, हे सांगायला नको. आजोबांना बातम्या हव्यात, घरच्या बायकांना मालिका हवी आणि कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईल घेऊन ओट्यावर बसलेला. ही अडचण विलायतेतही आली. तिथल्या बीबीसीने तिच्यावर काय उपाय केला आणि त्याचे पुढे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे.

बीबीसी तिथे जाहिराती दाखवीत नाही. तिचा मोठा खर्च घरटी भरायच्या लायसन फीतून चालतो. २०२५ साली ही फी वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स होती. पैसा सगळ्या घरांचा, मग कार्यक्रम फक्त वडीलधाऱ्यांच्या आवडीचे का? म्हणून ९ फेब्रुवारी २००३ रोजी तरुणांसाठी ‘बीबीसी थ्री’ ही वेगळी वाहिनी सुरू झाली. तिचा रोख मुख्यतः १६ ते ३४ वयाच्या प्रेक्षकांवर राहिला. दिवसा त्याच जागेवर मुलांची वाहिनी चाले आणि संध्याकाळी सातनंतर तरुणांची. एका विहिरीवर दोन भावांनी पाळी लावावी, तसाच हा प्रकार.

रोपवाटिकेचे काम

नवे लेखक, नवे नट यांना मुख्य वाहिनीवर एकदम कोण घेणार? ते आधी इथे रुजत आणि जोम धरला की तिकडे त्यांची लावणी होई. ‘गॅव्हिन अँड स्टेसी’ ही मालिका २००७ साली इथेच सुरू झाली. तिचा शेवटचा भाग २०२४ च्या नाताळात मुख्य वाहिनीवर लागला, तेव्हा त्या एका रात्री १ कोटी २० लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला.

आपल्या कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावा असा एक कार्यक्रम २००८ साली झाला. स्वस्त कपडे हौसेने घेणाऱ्या सहा तरुण-तरुणींना भारतात आणून कपड्यांच्या कारखान्यांत आणि कापसाच्या रानात राबायला लावले. पुढच्या वर्षी असाच कार्यक्रम अन्नावर झाला. त्यात आग्नेय आशियात मासळी, कोळंबी आणि भात यांची कामे तरुणांनी स्वतः केली. हात लावल्याशिवाय कष्टाची किंमत कळत नाही, हे आम्हा विस्तार कामातल्या लोकांना दुसऱ्याने शिकवायला नको.

बंद केली, पुन्हा उघडली

२०१४ साली पैशाची ओढाताण झाली. तरुण मंडळी आता इंटरनेटवरच बघतात, असे म्हणून ही वाहिनी टीव्हीवरून काढायचे ठरले. अडीच लाखांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या, तरी फेब्रुवारी २०१६ मध्ये ती बंद झाली आणि कार्यक्रम फक्त इंटरनेटवर उरले. कार्यक्रम चांगले निघाले, नावही झाले. पण सगळेच तरुण मोबाईलवर शोधून बघत नाहीत. विशेषतः बेताच्या मिळकतीच्या आणि लंडनपासून दूरच्या तरुणांपर्यंत पोहोचायचे, तर टीव्ही हवाच असे दिसले. १ फेब्रुवारी २०२२ रोजी वाहिनी पुन्हा सुरू झाली.

मधल्या काळातली एक मालिका खास खेड्याची आहे. ‘धिस कंट्री’ तिचे नाव. २०१७ ते २०२० या काळात तिचे तीन भाग निघाले. डेझी मे कूपर आणि चार्ली कूपर या सख्ख्या बहीण-भावाने ती लिहिली आणि कामेही त्यांनीच केली. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या लहान गावात दोन चुलत भावंडांना ना काम, ना करमणूक. विनोद भरपूर आहे, पण त्याखाली रिकाम्या हातांचे दुःख आहे. गावचा पार आणि पारावरची पोरे आठवावीत, अशी ती आहे.

आपण काय घ्यावे?

बी पेरून पहिल्या पाळीलाच पाणी तोडले, तर दोष बियाण्याला देऊ नये. बंद केलेली पाळी त्या लोकांना सहा वर्षांनी पुन्हा सुरू करावी लागली. आपल्या घरीही तरुणांची पाळी ठेवा. आठवड्यातून एक संध्याकाळ ते सांगतील ते सगळ्यांनी मिळून बघा आणि नंतर त्यावर बोला. शेतीची नवी माहितीही त्यांनाच शोधून दाखवायला सांगा. औषधाची मात्रा, बाजारभाव, हवामान यांवर त्यांचे मत विचारा आणि एखादा वाफा त्यांच्या मताने करू द्या. ज्याला घरात विचारतात, तो मुलगा ओट्यावरून आत येतो.