गाणे समाजाचे, पण गीतकाराचे नाव कुठे?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आली की वसई रोड स्टेशनपासून माणिकपूर, नवघर, दिवाणमानपर्यंत भीमगीतांचा गजर सुरू होतो. निळे झेंडे लागतात, मंडप उभे राहतात, रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. निवेदक मंडळाच्या अध्यक्षांचे नाव दहा वेळा घेतो, देणगीदारांचे पाच वेळा घेतो, गायकाचेही एकदा घेतो. परंतु गाणे लिहिले कोणी, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही. ज्याच्या शब्दांवर हजारोंचा समुदाय डोलतो, त्याचे नाव त्या समुदायालाच ठाऊक नसते. हा केवळ विसराळूपणा आहे काय? आमच्या मते हा अन्याय आहे, आणि तो बाहेरच्या कोणी नव्हे, आपणच आपल्या माणसांवर करीत आहोत.

आज वसई-विरार परिसरात गाणी रचणाऱ्या तरुणांची एक नवी फळी उभी राहते आहे. ही मुले दिवसा लोकलला लोंबकळत अंधेरी-दादरला कामाला जातात आणि रात्री भाड्याच्या खोलीत बसून मोबाईलवर गाणे तयार करतात. शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, चालीत थोडे लोकगीत, थोडी कव्वाली, थोडा सिनेमा आणि थोडा रॅप. यावर आपली ज्येष्ठ मंडळी नाराज आहेत. ‘हा धांगडधिंगा आहे, यात चळवळ कुठे आहे?’ असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्यापूर्वी महाकवी वामनदादा कर्डक यांची सुरुवात कशी झाली, हे पाहणे आवश्यक आहे.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पोटासाठी ते मुंबईत आले आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीच्या आश्रयाने राहिले. गिरणी, कोळशाची वखार, आइसफ्रूटची विक्री, मिळेल ते काम त्यांनी केले. एकदा कोणी तरी त्यांच्यापुढे वाचण्यासाठी पत्र धरले. वामनदादांना अक्षर येत नव्हते. ती लाज त्यांच्या काळजाला लागली. देहलवी गुरुजींकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते साक्षर झाले. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश या तरुणाने मुंबईच्या फुटपाथवर अमलात आणला!

आणि पहिले गाणे? ३ मे १९४३ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, वामनदादांनी पहिले गीत रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. ज्या महाकवीच्या गीतांनी पुढे गावोगावची माणसे जागी केली, त्याची सुरुवात सिनेमाच्या चालीवर झाली, ही गोष्ट आजच्या मुलांना नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्या दिवशी ‘हा कसला कवी’ म्हणून चाळीतल्या लोकांनी त्यांना हाकलले असते तर? त्यांनी तसे केले नाही. गर्दी जमवून ऐकले, दाद दिली आणि आणखी गाणी मागितली.

विडंबनकार ते महाकवी हा प्रवास आपोआप झालेला नाही. त्यांच्या आधी भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलशाची वाट पाडून ठेवली होती. नावसाधर्म्यामुळे अनेक जण भीमराव आणि वामनदादा यांची गल्लत करतात. या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. जलशाने गण-गौळणीच्या जागी विचार आणला आणि सभेला न येणारा माणूसही चळवळीशी जोडला. समता सैनिक दलाने वामनदादांना शिस्त दिली, बाबासाहेबांच्या सभांनी विषय दिला आणि खेड्यापाड्यातल्या माणसांनी भाषा दिली. म्हणजे कलावंत चळवळीने घडवला. आज आपण तरुणांना मंच देतो तो फक्त नाचण्यापुरता. त्यांच्या हाती पुस्तक कोण देणार? विहारात बसवून त्यांच्या गाण्यातली वैचारिक चूक प्रेमाने कोण दाखवणार? ते न करता केवळ टीका करणे सोपे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वामनदादांचा ‘वाटचाल’ हा गीतसंग्रह १९७३ साली आला. पहिल्या गाण्यानंतर तब्बल तीस वर्षांनी! या तीस वर्षांत त्यांची गाणी लोकांच्या तोंडी जगली. मग ती वामनदादांचीच आहेत हे कळले कसे? संतांप्रमाणेच अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत असत. ज्या समाजाची जमीन, पाणी, इतिहास सारे हिरावले गेले, त्या समाजातल्या कवीने आपल्या शब्दांवर मारलेला तो शिक्का होता. कागद नव्हता, वकील नव्हता, तरी मालकी नोंदली जात होती. आज मोबाईलवर गाण्याचे तीस सेकंदांचे तुकडे फिरतात. तुकडा असतो धृवपदाचा. शेवटचे कडवे गळून पडते आणि त्याबरोबर कवीचे नावही गळून पडते.

वकिली व्यवसायामुळे अशा तरुणांचे कागद आमच्यासमोर येतात. बहुतेकांकडे कागदच नसतो. कोणी दोन-तीन हजार रुपये हातावर टेकवून गाणे घेतलेले असते. कोणाकडून ‘सर्व हक्क कायमचे दिले’ अशा एका पानावर सही घेतलेली असते. गाणे लाखो लोक ऐकतात, जाहिरातीचा पैसा चॅनलवाला घेतो आणि गीतकार दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकल पकडतो. कॅसेटच्या जमान्यात आपल्या आधीच्या पिढीचे हेच झाले. यंत्र बदलले, शोषण तेच राहिले.

परंतु कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा १९५७ नुसार गाणे लिहिले वा नोंदवून ठेवले त्या क्षणी त्यावर रचनाकाराचा हक्क निर्माण होतो; त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये मोठी सुधारणा झाली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या व संगीताच्या रचनाकाराला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क कंपनीला सोडून देता येत नाही. म्हणजे ‘सर्व हक्क दिले’ या कागदावर सही झाली तरी हा हक्क शाबूत राहतो. कलम ५७ तर याहून मोलाचे आहे. हक्क विकल्यानंतरही ‘ही रचना माझी आहे’ असे सांगण्याचा आणि तिच्या बदनामीकारक मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. वामनदादा शेवटच्या कडव्यात जे करीत, तेच हे कलम करते!

हा हक्क कवीच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे वारसांकडे चालतो. वामनदादांचे निधन १५ मे २००४ रोजी झाले. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत कायम आहे. त्यांची गाणी बाजारात विकणाऱ्या किती जणांना याची जाणीव आहे?

काही कार्यकर्ते म्हणतील, भीमगीत ही समाजाची ठेव आहे, तिचा पैसा मागणे म्हणजे चळवळीचा व्यापार करणे. या भावनेचा आम्ही आदर करतो. विहारात, मोर्चात, वस्तीत समाजाने गाणे गावे. त्याला कोणताही खरा भीमशाहीर आडकाठी करणार नाही. पण समाज गातो ते वेगळे आणि कंपनी विकते ते वेगळे. कमाई होत असेल तर त्यातला वाटा ज्याने घाम गाळला त्याला मिळालाच पाहिजे. बाबासाहेब मजूरमंत्री होते, हे आपण विसरलो काय?

लोकशाहीर विलास घोगरे यांना आठवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा भीमसैनिक शहीद झाले. त्या धक्क्याने या शाहिराने आपल्या झोपडीत जीवन संपवले. त्यांच्या वेदनेला पैशाच्या हिशेबात बसवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु समाजाचे दुःख काळजावर झेलणारा माणूस स्वतः किती उघड्यावर जगत होता, याचा विचार आपण कधी करणार?

म्हणून जयंती मंडळांना आमची विनंती आहे. प्रत्येक गाण्याआधी गीतकाराचे नाव घ्या. गायक-गीतकाराचे मानधन आधी ठरवा, लेखी ठरवा आणि त्याच रात्री द्या. डीजेच्या भिंतींवर लाख खर्च करून कवीला शाल-नारळावर परत पाठवू नका.

तरुण गीतकारांनाही सांगणे आहे. लिहिलेल्या गाण्याची तारखेसह प्रत जपा. कागद वाचल्याशिवाय सही करू नका. कळत नसेल तर आपल्या वस्तीतल्या वकिलाला दाखवा. आयपीआरएस या १९६९ पासूनच्या संस्थेत गीतकार व संगीतकारांना सभासद होता येते, त्याची माहिती घ्या. सिनेमाची चाल आज विनापरवाना बाजारात नेली तर तुमचेच गाणे काढून टाकले जाईल, हेही ध्यानात ठेवा. गोंधळ, भारूड, पोवाडा यांच्या पारंपरिक चाली कोणाच्याही मालकीच्या नाहीत. त्या आपल्या पूर्वजांनी गायिल्या आहेत, त्या वापरा.

पंजाबात जालंधरची गिन्नी माही ही १९९८ साली जन्मलेली मुलगी लोकसंगीत आणि पॉपच्या ठेक्यावर बाबासाहेब गाते आणि तिचे नाव देशभर जाते. मग माणिकपूरच्या मुलांचे का जाऊ नये? ज्या सोपाऱ्यात सम्राट अशोकाचे शिलालेख सापडले, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप खोदून बुद्धाचा वारसा उजेडात आणला, ती भूमी इथून हाकेच्या अंतरावर आहे. अशोकाने आपले शब्द दगडावर कोरले म्हणून ते बावीसशे वर्षांनंतरही त्याच्या नावावर आहेत. आपल्या कवींजवळ दगड नाही. पण कायदा आहे आणि समाज आहे. कायद्याने आपले काम केले आहे. समाजाने आपले करावे.

जय भीम!