घोड्याला बूट चावतो तेव्हा…

मुलांनो, नवा बूट चावला की तुम्ही लगेच आईला सांगता. घोड्यानं कुणाला सांगायचं?

पळताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायाला लागू नये, म्हणून घोड्याच्या नळीवर बूट बांधतात. तिथं स्नायू जवळजवळ नसतातच. कातडीखाली लगेच दोरीसारख्या कंडरा आणि हाड!

कातडी नाजूक असेल, तर निओप्रीन रबराच्या बुटात घाम कोंडून पुरळ उठू शकतं. हवा खेळती राहील असा बूट बरा. मेंढीच्या लोकरीचं अस्तर मऊ खरं, पण त्यात कुसळं अडकतात. ती रोज काढायची.

बांधण्याआधी पाय स्वच्छ, कोरडा हवा. पट्ट्याखाली बोट शिरलं पाहिजे. रपेट संपली, की बूट काढून हात फिरवायचा. केस झडलेत? चट्टा दिसतोय? मग तो बरा होईपर्यंत बूट बंद आणि पळणंही बंद!