विश्लेषण : ‘फुरुसातो’ म्हणजे काय? गावाच्या आठवणीची गाणी जपानला इतकी जवळची का?

जपानमधील अनेक लहान गावांत आणि शहरांत रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास खांबांवरच्या लाऊडस्पीकरमधून एखाद्या जुन्या गाण्याची धून वाजते. मुलांनी खेळ थांबवून घरी जावे, हा त्याचा एक उपयोग. दुसरा उपयोग तांत्रिक आहे. हे लाऊडस्पीकर मुळात भूकंप, त्सुनामी, पूर यांचा इशारा देण्यासाठी बसवलेले असतात. यंत्रणा चालू आहे की नाही, हे रोज तपासायचे, तर भोंगा वाजवण्यापेक्षा गाणे बरे. या धूनांमध्ये वारंवार ऐकू येणारे एक गाणे म्हणजे ‘फुरुसातो’.

‘फुरु’ म्हणजे जुने आणि ‘सातो’ म्हणजे गाव, वस्ती. मराठीत ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नातल्या ‘गाव’ शब्दाला जो अर्थ आहे, त्याच्या हा शब्द बराच जवळ जातो. माणूस राहतो ते हे ठिकाण नव्हे. जिथून तो आला, ते हे ठिकाण. गाव सोडल्याशिवाय ‘फुरुसातो’ म्हणायची वेळच येत नाही.

गाणे कोणी लिहिले?

‘फुरुसातो’ १९१४ मध्ये सहावीच्या सरकारी गाण्यांच्या पुस्तकात आले. शिक्षण मंत्रालयाची ही गाणी निनावी छापली जात. कवी आणि संगीतकार कोण, हे मुलांना कळत नसे. पुढे शब्द तात्सुयुकी ताकानो यांचे आणि चाल तेइइची ओकानो यांची, असे मानले जाऊ लागले. ताकानो नागानो प्रांतातल्या डोंगराळ खेड्यात जन्मलेले, ओकानो तोत्तोरीचे. दोघेही गाव सोडून टोकियोत आलेले. ओकानो अनेक वर्षे टोकियोतल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. गाण्याची चाल पारंपरिक जपानी लोकगीतापेक्षा चर्चमधल्या प्रार्थनेसारखी का वाटते, याचे उत्तर बहुधा इथे आहे.

तीन कडव्यांचे हे गाणे. पहिल्यात लहानपणीचा डोंगर, ससे आणि नदीतले मासे. दुसऱ्यात आईवडील आणि सोबती यांची काळजी. तिसऱ्यात एक वचन : ठरवलेले काम पुरे करून एक दिवस परत येईन. शाळेत शिकावे, शहरात जाऊन नाव कमवावे, मग अभिमानाने परतावे, ही त्या काळच्या जपानची मुलांकडून असलेली अपेक्षाच त्यात उतरली आहे. गावाच्या आठवणीचे गाणे सरकारनेच शिकवले आणि गाव सोडायलाही सरकारी धोरणांनीच लावले, हा विरोधाभास गाणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आजही सहावीच्या संगीताच्या अभ्यासक्रमात हे गाणे आहे. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकच्या समारोपातही ते गायले गेले.

त्याआधी अशी गाणी नव्हती का?

होती, आणि ती अधिक कडवट होती. क्यूशू बेटावरील कुमामोतो प्रांतातल्या इत्सुकी गावचे अंगाईगीत जपानभर प्रसिद्ध आहे. मात्र ते आईने गायलेले नाही. गरीब कुळांच्या मुली दुसऱ्याच्या घरी मूल सांभाळायला ठेवल्या जात; त्यांच्या तोंडचे हे गाणे. ‘बोन’ हा पितरांचा सण आला की कराराची मुदत संपायची आणि घरी जाता यायचे. पाठीवरचे मूल झोपवता झोपवता मुलगी त्या सणाचे दिवस मोजते. नाव कमावून परतण्याची भाषा तिच्याकडे नाही, तिला फक्त सुटका हवी आहे.

रेल्वेचा संबंध काय?

युद्धानंतर कारखान्यांना आणि दुकानांना हात हवे होते. ईशान्य जपानच्या खेड्यांत माध्यमिक शाळा संपवलेली पंधरा वर्षांची मुले-मुली होती. त्यांना एकत्र शहरात नेण्यासाठी खास गाड्या सोडल्या जात. १९५४ मध्ये आओमोरीहून सुरू झालेल्या या गाड्या १९७५ पर्यंत धावल्या. त्या थांबत टोकियोच्या उएनो स्टेशनवर. मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हटले जाई. अंडी देणाऱ्या गावांचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

१९६४ मध्ये, टोकियो ऑलिम्पिकच्या वर्षी, ‘आ उएनो एकी’ म्हणजे ‘अहा, उएनो स्टेशन’ हे गाणे गाजले. गायक हाचिरो इझावा स्वतः आओमोरीचे. दुकानात राबणारा मुलगा स्टेशनकडे पाहून गाव आठवतो, एवढाच विषय. आज स्टेशनसमोर या गाण्याचे स्मारक आहे आणि एका फलाटावर गाडी सुटताना त्याचीच धून वाजते.

१९७७ चे ‘कितागुनी नो हारु’ (‘उत्तरेकडचा वसंत’) त्याहून दूर पोहोचले. चीन, तैवान आणि आग्नेय आशियात ते वेगवेगळ्या भाषांत गायले गेले. शहरातल्या मुलाला आईकडून पार्सल येते आणि गावाकडचा वसंत आठवतो. गायक मासाओ सेन इवातेचे, गीतकार हाकू इदे नागानोचे. गाण्यात मात्र एकाही गावाचे नाव नाही. ‘फुरुसातो’तल्या डोंगरालाही नाव नाही. नाव नसल्यामुळे ऐकणारा आपलाच डोंगर तिथे उभा करतो.

संगीताचाही यात वाटा आहे. या प्रकारच्या अनेक लोकप्रिय गाण्यांत ‘योनानुकी’ म्हणजे चौथा आणि सातवा स्वर वगळलेले सप्तक वापरले जाते. उरतात सा, रे, ग, प, ध. म्हणजे आपल्या भूप रागाचे स्वर. जपानी कळत नसतानाही या चाली मराठी कानाला ओळखीच्या वाटतात, त्या यामुळे.

गावांची नावे घेणारी गाणी नाहीतच का?

आहेत, आणि त्यांची ताकद वेगळी आहे. नागानो प्रांताचे ‘शिनानो नो कुनी’ हे गाणे १९०० च्या सुमाराचे. त्यात डोंगर, नद्या, खोरी, पिके, थोर माणसे यांची यादीच आहे. भूगोलाचा धडा म्हणूनही चालेल. १९४८ मध्ये प्रांताचे दोन भाग करण्याचा प्रस्ताव सभागृहात आला, तेव्हा प्रेक्षक सज्जातल्या लोकांनी हे गाणे सुरू केले. विभाजन बारगळले. श्रेय एकट्या गाण्याचे नाही, राजकीय गणितेही होती. पण नागानोत गोष्ट सांगितली जाते ती गाण्याचीच. १९६८ मध्ये ते अधिकृत प्रांतगीत झाले.

या सगळ्या भावुकतेची टिंगलही झाली. आओमोरीचे इकुझो योशी यांनी १९८४ मध्ये ठसक्यात, गावरान बोलीत गाणे काढले : आमच्या गावात टीव्ही नाही, गाड्या नाहीत, काहीच नाही, मी चाललो टोकियोला. तिथे जाऊन काय करणार? पैसे साठवून गाय पाळणार. २००८ मध्ये इंटरनेटवरच्या तरुणांनी या गाण्याची असंख्य रिमिक्स केली.

सरकारनेही शब्द सोडला नाही. २००८ पासून ‘फुरुसातो नोझेई’ ही करयोजना आहे. पसंतीच्या गावाला देणगी द्यायची, करात सूट घ्यायची. देणगी आपल्याच गावाला द्यावी, अशी अट नाही. त्यामुळे बरेच जण बदल्यात मिळणारे गोमांस किंवा खेकडे पाहून गाव निवडतात. २०२३ या आर्थिक वर्षात या देणग्या प्रथमच एक लाख कोटी येनच्या पुढे गेल्या.

परतायला गावच नसेल तर?

‘फुरुसातो’च्या तिसऱ्या कडव्याचे एक गृहीतक आहे : माणूस कधीही परतला तरी गाव जागेवर असेल. ते अनेकदा चुकले आहे. अंगाईगीताच्या इत्सुकी गावाजवळ धरण बांधण्याची योजना १९६६ मध्ये जाहीर झाली. गावाचे केंद्र उंचावर हलवले गेले, माणसे पांगली. मग २००९ मध्ये धरण रद्द झाले. २०२० च्या महापुरानंतर ते नव्या स्वरूपात पुन्हा मंजूर झाले.

‘उत्तरेकडचा वसंत’ गाणाऱ्या सेन यांचे रिकुझेनताकाता ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत वाहून गेले. सुमारे २४ हजार वस्तीच्या या शहरात १,७०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. पुन्हा बांधताना जमीनच सुमारे दहा मीटर उंच करण्यात आली. त्यासाठी नदीपलीकडचा डोंगर कापून माती कन्व्हेयर बेल्टने आणली गेली. शहर परत आले. डोंगर गेला आणि जुने रस्ते मातीखाली राहिले.

फुकुशिमाची गोष्ट याहून अवघड. तिथे अनेक ठिकाणी घरे उभी होती, झाडांना फळे येत होती. फक्त राहता येत नव्हते. अणुदुर्घटनेनंतर प्रांतातील १ लाख ६० हजारांहून अधिक लोक विस्थापित झाले. या लोकांच्या मेळाव्यांत ‘फुरुसातो’ गायले गेले. आईवडिलांची काळजी आता गावाकडे नव्हती, तेही शेजारच्या खुर्चीत बसलेले होते. आणि परतणे कामगिरी पुरी करण्यावर अवलंबून नव्हते, ते किरणोत्सर्गाच्या मोजमापावर होते.

सुमारे सात हजार वस्तीचे फुताबा गाव पूर्ण रिकामे झाले होते. उएनोमार्गे सेंदाईला जाणारी जोबान रेल्वेमार्गावरची गाडी १४ मार्च २०२० पासून तिथे थांबू लागली. नवे, चकचकीत स्टेशनही बांधून झाले होते. तेव्हा गावात एकही रहिवासी नव्हता. गावाच्या एका भागात घर करून राहण्याची परवानगी मिळायला ३० ऑगस्ट २०२२ उजाडले. परतलेली माणसे अजून मोजकीच आहेत.