काळ्या पाषाणातलं पाणी आणि जर्मनचं भगुनं

बीड जिल्ह्यात बोअर मारताना गाडीशेजारी थोडा वेळ उभं राहा. आधी काळी माती निघते, मग पिवळसर मुरूम, आणि काळा पाषाण लागला की करड्या भुकटीचे लोट उठतात. मध्येच गारगोटीचे पांढरे कण चमकून जातात. बालाघाटाच्या या बेसॉल्ट खडकाचा वजनानं जवळपास निम्मा भाग सिलिका आणि साधारण सातवा हिस्सा ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. अल्झायमरच्या भीतीनं ज्या धातूचा धसका घेतला जातो तो, आणि त्यावरचा उतारा म्हणून जिची वाखाणणी होते ती सिलिका, दोन्ही एकाच दगडात.

पाणी मात्र दोघांना सारखं वागवत नाही. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी मुरतं आणि त्या सौम्य आम्लानं खडक कुजत जातो. पाण्याचा सामू ७ च्या आसपास असला की ॲल्युमिनियम जवळजवळ विरघळत नाही. ते चिकणमातीत अडकून बसतं. आपली काळी रानं त्यातूनच झाली. सिलिकाचा काही भाग मात्र सिलिसिक आम्लाच्या रूपात पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून बेसॉल्टमधल्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागं ३०-४० मिलिग्रॅम सिलिका सापडली तर नवल नाही. फिजी बेटांवरून बाटलीबंद होऊन जगभर महाग विकलं जाणारं पाणीही ज्वालामुखीच्याच खडकातलं आहे. त्यात सिलिका जास्त असते, एवढंच.

तिचा उपयोग होतो का? १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये बर्चाल, एक्स्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आम्लधर्मी पाण्यातलं ॲल्युमिनियम सॅमन माशांच्या पिलांना मारतं, पण त्याच पाण्यात पुरेसं सिलिसिक आम्ल असेल तर पिलं वाचतात. दोघांची जोडी जमते आणि ॲल्युमिनियम माशाच्या कल्ल्यांना भिडत नाही. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या १,९२५ वृद्धांच्या पाहणीत, पाण्यातून जास्त सिलिका घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. २०१३ मध्ये अल्झायमरच्या १५ रुग्णांना १२ आठवडे सिलिकायुक्त पाणी दिलं. लघवीवाटे ॲल्युमिनियम बाहेर पडलं, तिघांच्या आकलनात सुधारणा दिसली. पंधरा माणसं, आणि तुलनेला साधं पाणी पिणारा गट नाही. एवढ्या भांडवलावर ‘सिलिकानं अल्झायमर टळतो’ असं म्हणणं मला पटत नाही. मुळात ॲल्युमिनियममुळेच अल्झायमर होतो हेही सिद्ध झालेलं नाही.

ॲल्युमिनियम निरुपद्रवी आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. तोंडावाटे गेलेल्यापैकी शेकडा एक भागही रक्तात उतरत नाही आणि उतरलेलं किडनी बाहेर टाकते. किडनीच थकली असेल तर हिशेब बिघडतो. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातून ॲल्युमिनियम थेट रक्तात गेलं आणि रुग्णांची वाचा, तोल, शेवटी जीवही गेला. त्यानंतर डायलिसिसचं पाणी काटेकोर शुद्ध केलं जाऊ लागलं.

घरात ॲल्युमिनियम येतं कुठून? गढूळ पाण्यात फिरवलेल्या तुरटीतून थोडं. नीट निवळू दिलं की बरंचसं गाळाबरोबर तळाला बसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागं ०.०३ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२. याउलट पित्तावरच्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या अडीचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीत साठेक मिलिग्रॅम ॲल्युमिनियम असतं, म्हणजे त्या शेवटच्या मर्यादेतल्या तीनशे लिटर पाण्याइतकं. किडनीच्या रुग्णानं ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुसरी वाट भांड्याची. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये कोयत्यांबरोबर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भगुनी असतात. हलकी, स्वस्त, लगेच तापणारी. डाळ-भाताला त्यात फारसं काही बिघडत नाही. चिंचेची आमटी, टोमॅटोचं कालवण, आंबट चुका मात्र मिठासह रटरटत राहिला की धातू सुटतो, आणि तेच कालवण रात्रभर भांड्यात ठेवलं की आणखी सुटतो. मला यापेक्षा काळजी वाटते ती भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांची. कॅमेरूनमधल्या अशा भांड्यांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शिसं उतरताना दिसलं. शिशाची भीती ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी खरी आहे, विशेषतः लेकरांसाठी.

सिलिका म्हटलं की परळीकरांना औष्णिक वीज केंद्राची राख आठवेल. तीही सिलिका आणि ॲल्युमिनियमचीच, पण काचेसारख्या घट्ट कणांत बांधलेली. ती श्वासातून छातीत जाते आणि त्रासच देते. पाण्यात विरघळलेल्या सिलिकाचे गुण तिला नाहीत.

आता जारचं, म्हणजे आरओचं पाणी. आरओच्या पडद्यातून पाणी गेलं की क्षार जातात, तशी सिलिकाही जवळपास सगळी जाते. उलट तिचाच थर पडद्यावर बसून प्लांटवाल्याचं डोकं उठवतो. म्हणून बोअरकडे परत वळा असं मी सांगणार नाही. मराठवाड्यातल्या कित्येक बोअरमध्ये नायट्रेट आणि काही ठिकाणी फ्लोराइड मर्यादेपलीकडं आहे, आणि त्यांचं नुकसान सिलिकाच्या संभाव्य फायद्यापेक्षा पक्कं आहे. आधी पाणी तपासून घ्यावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठीच आहेत. अहवाल चांगला आला, तर तेच पाणी जंतू मारून प्यायला हरकत नाही, सिलिका त्यात आपोआप आलीच. अहवाल वाईट आला तर आरओच बरा. सिलिका गेली म्हणून हळहळू नका, तिच्यातलं सिलिकॉन थोडंफार ज्वारी-बाजरीच्या भाकरीतूनही पोटात जातं.