हिरवा दगड दिसला की तांबं?

चामोर्शीकडून वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथल्या थानेवासना परिसरात जमिनीखाली तांबं आहे, म्हणून या भागात हिरवट दगड सापडला की खाणीच्या गप्पा रंगतात.

पहिला गैरसमज तोच : हिरवा दगड म्हणजे तांब्याचा. थानेवासन्याचं मुख्य खनिज चाल्कोपायराइट. त्यात तांबं, लोह आणि गंधक असतं, आणि ते दिसतं पितळी पिवळं. उलट क्लोराइट, एपिडोट हे हिरवे दगड. त्यांना तांबं लागत नाही.

तांब्याचं खनिज हवापाण्याने झिजलं की वरच्या थरात हिरवी-निळी खनिजं तयार होतात. 'ही सगळी मॅलॅकाइटच' असं सर्रास सांगितलं जातं. मॅलॅकाइट हे कार्बोनेट; त्यावर सौम्य आम्ल टाकलं तर बुडबुडे येतात. पाण्यात फॉस्फरस असेल तर लिबेथेनाइटसारखं फॉस्फेट बनतं, आर्सेनिक असेल तर ऑलिव्हेनाइटसारखं आर्सेनेट.

एक खतातलं, दुसरं विषातलं, म्हणून ही दोन खनिजं अगदी वेगळी असतील असं वाटतं. खरी गंमत इथेच आहे. दोन्हींत मधल्या अणूभोवती चार ऑक्सिजन, चार टोकांच्या चतुष्फलकासारखे. फॉस्फरसपासून ऑक्सिजन सुमारे 1.54 अँगस्ट्रॉमवर, आर्सेनिकपासून सुमारे 1.69. एवढाच फरक, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. तांब्याचे निम्मे अणू सहा ऑक्सिजनांमध्ये असतात, निम्मे पाचांमध्ये. सहांपैकी चार जवळ, दोन लांब. मात्र आर्सेनिकच्या थोराडपणाने रचना किंचित कलते : लिबेथेनाइट समचतुर्भुजी गटात राहतं, ऑलिव्हेनाइट एकनताक्ष गटात जातं. ऑलिव्हेनाइटच्या अक्षांमधला कोन 90 अंशांच्या इतका जवळ असतो, की स्फटिक डोळ्यांनी पाहून हा फरक कळतच नाही.

रंग तांब्याचाच असतो, हेही अर्धसत्य. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी आणतात तो मोरचूद तापवून बघा : पाणी उडून जातं, निळा खडा पांढरा पडतो. तांबं तेवढंच राहतं, त्याच्याभोवतीचे शेजारी बदलतात.

आर्सेनेटचा खडा हातात घेतल्याने कोणी दगावत नाही. पण त्याची पूड करू नका, चाखू नका, तापवू तर मुळीच नका. नंतर हात धुवा. ओळख पटवायची तर सापडल्याची जागा लिहून ठेवा आणि तुकडा क्ष-किरण विवर्तन करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्या.