मिग ओळखतात, जेवण विसरतात

हवाई दलातले निवृत्त जवान आणि नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातले जुने कामगार मोबाइलवर एकमेकांना मिग-२१चे फोटो पाठवतात. १९६३ मध्ये दलात आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले.

"बाबांची स्मरणशक्ती पक्की आहे, धूसर फोटोवरूनही विमान ओळखतात," असे मुले ओपीडीत सांगतात. दुपारी काय जेवलात विचारले, की बाबा गप्प! इथेच घरचे फसतात. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवणे आधी बिघडते. तरुणपणी शिकलेले बराच काळ टिकते. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, नांदुऱ्याच्या बाजारातून घरी येताना वाट चुकली, तर तपासणीला आणा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. 'वय झालं' म्हणून वर्ष दवडले, की ही संधीही जाते.

फोटो मात्र बंद करू नका. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना बोलते करायला जुने फोटो मुद्दाम वापरतात. नातवाने शेजारी बसून "आजोबा, हे कुठलं?" एवढेच विचारावे. नाव चुकले तर चुकू द्यावे, परीक्षा घेऊ नये.